कंपायलरला क्लास कळला का?

राकू या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत चाचणीसंचाला ‘रोस्ट’ म्हणतात. त्यात क्लाससाठी वेगळा कप्पा आहे. त्यातल्या सुरुवातीच्या चाचण्या पाहिल्या की इतकं साधं कुणी तपासतं का, असा प्रश्न पडतो. एक क्लास घोषित करायचा. आत काहीच नाही, नुसतं नाव आणि दोन महिरपी कंस. त्यापासून एक ऑब्जेक्ट तयार करायचा. मग विचारायचं, हा ऑब्जेक्ट त्याच क्लासचा आहे ना? उत्तर ‘हो’ आलं तर पडद्यावर ‘ओके’ आणि चाचणीचा क्रमांक उमटतो, नाहीतर ‘नॉट ओके’.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थीही हे सहज लिहील. कंपायलर लिहिणाऱ्यासाठी मात्र या तीन ओळी म्हणजे बऱ्याच मोठ्या कामाची पावती असते. पार्सरला क्लासचं नाव ओळखता आलं पाहिजे, ते सिम्बॉल टेबलमध्ये गेलं पाहिजे, त्या नावाचा टाइप उभा राहिला पाहिजे, ऑब्जेक्टसाठी मेमरी मिळाली पाहिजे आणि मेमरीच्या त्या तुकड्यावरून तो कोणत्या क्लासचा हे पुढे कधीही सांगता आलं पाहिजे. शिवाय ऑब्जेक्ट घडवणारी ‘न्यू’ ही मेथड आली कुठून? क्लास तर रिकामा होता. राकूमध्ये ती ‘म्यू’ नावाच्या मूळ क्लासकडून येते. म्हणजे इनहेरिटन्सचं नावही न घेता या चाचणीने इनहेरिटन्स तपासलेलं असतं.

सी++ मध्ये रिकाम्या क्लासची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात साठवायला काही नसलं तरी त्याच्या ऑब्जेक्टचा आकार शून्य असू शकत नाही. प्रचलित कंपायलर तो १ बाइट ठेवतात, कारण एकाच प्रकारच्या दोन वेगळ्या ऑब्जेक्टना दोन वेगळे पत्ते हवेत. तोच रिकामा क्लास दुसऱ्या क्लासचा पॅरेंट झाला, की मात्र त्याची जागा शून्यावर आणायला कंपायलर मोकळा असतो. एकच क्लास, एकदा १ बाइट आणि एकदा शून्य. आकार विचारणारी दोन ओळींची चाचणी इथे बरंच काही उघड करते.

क्लास आणि ऑब्जेक्ट ‘नीट’ चालतात का, असं कंपायलरला विचारण्याआधी नीट म्हणजे काय, हे कुणीतरी ठरवलेलं असावं लागतं. या विषयाचा आढावा घेताना तांत्रिक युक्त्यांपेक्षा हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. चाचणीत लिहिलेलं अपेक्षित उत्तर हीच भाषेची प्रत्यक्षातली व्याख्या ठरते, आणि म्हणून ते उत्तर कुणी, कुठे आणि कुणाच्या समोर लिहिलं, याला महत्त्व येतं.

क्लासची कल्पना जन्मली ती ऑस्लोमध्ये, नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये. ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर यांना बंदरं, कारखाने, रांगा अशा व्यवस्थांचं अनुकरण संगणकावर करायचं होतं. त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स आणि व्हर्च्युअल प्रोसिजर हे सगळं एकत्र आलं. पुढे २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युला वापरलेला ब्यार्न स्ट्रूस्ट्रप १९७९ मध्ये बेल लॅब्जला आला आणि त्याने सी भाषेला क्लास जोडायला घेतले. १९८५ मध्ये बाजारात आलेला त्याचा सीफ्रंट हा कंपायलर सी++ चा प्रोग्राम घेऊन त्यातून सीचा प्रोग्राम काढत असे. हा टप्पा अभ्यासकाला आजही उपयोगी आहे, कारण क्लासच्या पोटात काय असतं ते तिथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. ऑब्जेक्ट म्हणजे साधं स्ट्रक्चर. मेथड म्हणजे साधं फंक्शन, फक्त पहिला पॅरामीटर म्हणून ऑब्जेक्टचा पत्ता गुपचूप दिलेला. व्हर्च्युअल मेथड असेल तर ऑब्जेक्टमध्ये आणखी एक छुपा पॉइंटर, फंक्शनांच्या पत्त्यांच्या टेबलाकडे नेणारा.

मूलभूत चाचण्या या तीन गोष्टींभोवतीच फिरतात: मेमरीतली मांडणी, छुपा पॅरामीटर आणि टेबल. प्रत्येक गोष्ट सुटी तपासली तर सोपी आहे. अडचण येते ती ऑब्जेक्ट अर्धवट घडलेला असताना.

एक जुनं उदाहरण घेऊ. कंपायलरवर काम करणाऱ्यांना ते पाठ असतं. पॅरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘दाखव’ नावाच्या मेथडला कॉल केलेला आहे. चाइल्ड क्लासने ‘दाखव’ ओव्हरराइड केली आहे आणि ती ‘क्ष’ हे फील्ड छापते. ‘क्ष’ चाइल्डमध्येच घोषित आहे आणि तिथेच त्याला ५ ही किंमत दिलेली आहे. आता चाइल्डचा एक ऑब्जेक्ट तयार केला तर पडद्यावर काय दिसेल?

सी++ मध्ये मेथड व्हर्च्युअल असली तरी चाइल्डची ‘दाखव’ चालतच नाही. पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत तो ऑब्जेक्ट पॅरेंटचाच मानला जातो, म्हणून पॅरेंटची ‘दाखव’ चालते. कंपायलर त्यासाठी तो छुपा पॉइंटर आधी पॅरेंटच्या टेबलाकडे वळवतो आणि चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरची पाळी आली की चाइल्डच्या टेबलाकडे. जावामध्ये चाइल्डची मेथड चालते, पण ‘क्ष’ला ५ मिळायची वेळ अजून आलेली नसते, म्हणून शून्य छापलं जातं. सी-शार्पमध्येही चाइल्डचीच मेथड चालते, मात्र तिथे फील्डची सुरुवातीची किंमत पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरच्या आधीच भरली जाते, म्हणून ५ दिसतात.

गोष्ट इथे थांबत नाही. जावामध्ये त्याच फील्डच्या मागे ‘फायनल’ हा शब्द लावला तर शून्याऐवजी ५ छापले जातात, कारण आता ‘क्ष’ हा कंपाइलच्या वेळीच माहीत असलेला स्थिरांक ठरतो आणि कंपायलर फील्ड वाचण्याऐवजी थेट ५ हा आकडाच कोडमध्ये टाकतो. आणि जावा २५ पासून, म्हणजे २०२५ पासून, पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरला कॉल करण्याआधी चाइल्डच्या फील्डला किंमत देण्याची मुभा अधिकृत झाली आहे. तसं लिहिलं तर ‘फायनल’शिवायही ५ दिसतात. एवढ्याशा प्रोग्रामला भाषेगणिक, शब्दागणिक आणि आवृत्तीगणिक वेगळं उत्तर आहे, आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर आहे. कंपायलरचं चुकलं की नाही हे केवळ प्रोग्राम वाचून कुणालाच सांगता येणार नाही.

ऑब्जेक्ट घडण्याच्या क्रमाइतकाच तो मोडण्याचा क्रमही तपासावा लागतो. सी++ मधल्या क्लासला तीन मेंबर आहेत आणि दुसऱ्याचा कन्स्ट्रक्टर चालू असताना एक्सेप्शन आलं, असं समजा. तिसरा अजून जन्मलेला नाही, दुसरा अर्धवट आहे. अशा वेळी डिस्ट्रक्टर फक्त पहिल्याचा चालला पाहिजे. त्या क्लासचा स्वतःचा डिस्ट्रक्टरही चालता कामा नये, कारण ऑब्जेक्ट पुरता घडलेलाच नव्हता. चाचणीत यासाठी एक मोजणी ठेवतात: कन्स्ट्रक्टर पूर्ण झाला की एकाने वाढवायची, डिस्ट्रक्टर चालला की एकाने कमी करायची, शेवटी शून्य आलं पाहिजे. मेंबर घडण्याचा क्रम क्लासमध्ये ते ज्या क्रमाने घोषित केले त्यावर ठरतो. कन्स्ट्रक्टरच्या यादीत प्रोग्रामरने कोणत्याही क्रमाने लिहिले असोत. वर्षानुवर्षं सी++ लिहिणारेही इथे फसतात. म्हणून जीसीसी या कंपायलरमध्ये यासाठी खास वॉर्निंग आहे, आणि ती वॉर्निंग योग्य ठिकाणी येते का, याच्याही चाचण्या आहेत.

एका क्लासला दोन पॅरेंट आणि त्या दोघांचा पॅरेंट एकच, अशा चौकटीत मेथड नेमकी कुणाची घ्यायची? पायथॉनने २.३ या आवृत्तीपासून आणि राकूनेही ‘सी-३’ नावाची पद्धत स्वीकारली. ती डिलन भाषेसाठी मांडली गेली होती. या पद्धतीत काही रचना परस्परविरोधी ठरतात आणि त्या क्लास घडवतानाच नाकाराव्या लागतात. तेव्हा शोधाचा क्रम बरोबर आहे का एवढंच बघून भागत नाही, विरोधी रचनेला नकार मिळतो का तेही बघावं लागतं.

आता प्रत्यक्ष चाचणी कशी लिहितात ते जवळून पाहू. ऑब्जेक्टची चाचणी छपाईच्या मदतीने घ्यायची ठरवली आणि छपाईच बिघडलेली असली तर? कित्येक भाषांत छपाईची सोय स्वतःच ऑब्जेक्टवर उभी असते. जीसीसीच्या चालवून बघायच्या चाचण्यांनी यावर कोरडा पण पक्का मार्ग काढला आहे. अपेक्षित किंमत आली नाही तर प्रोग्राम ‘अबॉर्ट’ला कॉल करून तिथल्या तिथे मरतो, आली तर मुकाट्याने शून्य परत करून संपतो. काही छापायचं नाही, काही वाचायचं नाही. राकूचा प्रमुख कंपायलर राकुडो याच्या सुरुवातीच्या ‘सॅनिटी’ चाचण्याही याच विचाराने लिहिल्या आहेत. तिथे चाचणीचं मॉड्यूल लोड होत नाही, ‘ओके १’ ही अक्षरं प्रोग्राम स्वतः छापतो. तेवढं चाललं की मगच चाचणीच्या मॉड्यूलवर विश्वास टाकायचा आणि त्याच्या जोरावर क्लासपर्यंत जायचं. या पायऱ्यांचा क्रम नव्याने कंपायलर लिहिणाऱ्या प्रत्येकाने पाळावा असा आहे.

दुसरी अडचण हुशार कंपायलरची. व्हर्च्युअल मेथडची छोटी चाचणी लिहिली की ऑप्टिमायझर ती पूर्ण वाचतो, ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा हे कंपाइल करतानाच ओळखतो, टेबलातून जायची गरजच नाही असं ठरवतो आणि अख्ख्या प्रोग्रामच्या जागी नुसतं उत्तर ठेवून देतो. चाचणी पास होते, पण जे टेबल तपासायचं होतं त्याला कुणी हातही लावलेला नसतो. म्हणून एकच चाचणी ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि मग वेगवेगळ्या पातळ्यांवर चालू ठेवून पुन्हा पुन्हा चालवतात; किंवा क्लास एका फाइलीत आणि वापर दुसऱ्या फाइलीत ठेवून कंपायलरला आंधळं करतात.

कंपायलरने काय स्वीकारावं हे तपासणं तुलनेने सोपं असतं. काय नाकारावं हे तपासण्याकडे नवीन प्रकल्पांचं हमखास दुर्लक्ष होतं, आणि क्लासच्या बाबतीत ते फार महाग पडतं. सी++ मध्ये एका क्लासला एकाच नावाच्या दोन मेथड आहेत: पूर्णांक घेणारी प्रायव्हेट, दशांश घेणारी पब्लिक. बाहेरून कुणी ५ हा आकडा देऊन कॉल केला. नियम असा की आधी सर्वांत जुळणारी मेथड निवडायची आणि मगच ती वापरायची परवानगी आहे का ते बघायचं. म्हणजे निवड पूर्णांकवालीची होते, ती प्रायव्हेट निघते आणि कंपायलरने एरर द्यायलाच हवी. एखाद्या कंपायलरने क्रम उलटा केला, आधी प्रायव्हेट मेथड बाजूला काढल्या, तर तो निमूटपणे पब्लिक मेथड निवडेल. प्रोग्राम चालेल, उत्तरही देईल आणि कुणाला काही कळणार नाही. जावामध्ये मात्र नेमकं हेच अपेक्षित आहे. तिथे आवाक्याबाहेरची मेथड उमेदवारच नसते. एका भाषेत जो बग, तो दुसऱ्या भाषेत नियम.

ही चूक पकडायची तर ‘इथे एरर आलीच पाहिजे’ असं सांगणारी चाचणी हवी. जीसीसीमध्ये त्या ओळीच्या शेवटी कॉमेंटमध्ये तशी खूण लिहितात. क्लँग या कंपायलरमध्ये अपेक्षित संदेश कॉमेंटमध्ये महिरपी कंसांत देतात. संदेश आला नाही तरी चाचणी नापास आणि न सांगितलेला संदेश आला तरीही नापास. जावास्क्रिप्टच्या टेस्ट-२६२ या संचात त्याहून बारकाई आहे: एरर कोणत्या टप्प्यावर आली पाहिजे, तेही चाचणीच्या माथ्यावर नोंदवलेलं असतं. क्लासच्या बाहेरून प्रायव्हेट फील्डला हात घातला तर प्रोग्राम सुरू होण्याआधी, वाचतानाच तो नाकारला गेला पाहिजे. चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सुपर’ला कॉल करण्याआधी ‘धिस’ वापरलं तर मात्र एरर प्रोग्राम चालताना यावी.

या शिस्तीचा पाया क्लास नसलेल्या भाषेच्या चाचण्यांत आहे, आणि तो सरकारी खरेदीतून घातला गेला. अमेरिकी नौदलात ग्रेस हॉपर यांच्या हाताखालच्या गटाने कोबोलच्या कंपायलरांसाठी पडताळणीचे प्रोग्राम तयार केले, कारण प्रत्येक विक्रेत्याचं कोबोल वेगळं निघत होतं. अमेरिकी संरक्षण खात्याने पुढे एडा या भाषेसाठी ही गोष्ट जवळजवळ कायद्याच्या पातळीवर नेली: चाचणीसंच पार केल्याचं प्रमाणपत्र नाही, तर कंपायलर अधिकृत नाही. १९८३ मध्ये हा अडथळा सर्वांत आधी पार करणारा कंपायलर न्यूयॉर्क विद्यापीठात सेटएल या भाषेत लिहिलेला होता. १९९५ च्या एडामध्ये ऑब्जेक्टची सोय ‘टॅग्ड टाइप’ या नावाने आली आणि चाचणीसंचाने तिला सामावून घेतलं. त्यातल्या फाइलींच्या नावांतच सगळा पत्ता असतो. ‘सी३९०००१’ हे नाव घ्या. पहिल्या अक्षरावरून कळतं की ही चालवून बघायची चाचणी. पुढच्या आकड्यांवरून कळतं की भाषेच्या मानकातल्या ३.९ या कलमावरची, म्हणजे टॅग्ड टाइपांवरची. आणि शेवटचा तिचा अनुक्रमांक. नाव ‘बी’ने सुरू झालं तर तो मुद्दाम चुकीचा लिहिलेला प्रोग्राम, आणि त्यात खूण केलेली प्रत्येक चूक कंपायलरने दाखवली पाहिजे. चाचणी नापास झाली की कोणतं कलम उघडायचं हे लगेच कळतं. क्लँगच्या चाचण्यांतही एक मोठा विभाग सी++ च्या मानकातल्या प्रकरणांच्या नावांनीच लावलेला आहे. हा वारसा फार मोलाचा आहे.

जावाच्या वाट्याला मात्र कोर्टकचेरी आली. सन मायक्रोसिस्टिम्सने ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, त्यात मायक्रोसॉफ्टचं जावा सनच्या सुसंगततेच्या चाचण्यांत उतरत नाही हा कळीचा मुद्दा होता. मायक्रोसॉफ्टने आपल्या व्हिज्युअल जे++ च्या कंपायलरमध्ये ‘डेलिगेट’सारखे नवे कीवर्डही घातले होते, ते वापरलेला क्लास इतर कोणत्याही जावा कंपायलरला कळला नसता. जानेवारी २००१ मध्ये २ कोटी डॉलरवर तडजोड झाली. इथे चाचणीसंचाने भाषा फुटू दिली नाही, हे त्याचं श्रेय. पण तोच संच बंद दाराआड होता. अपाची फाउंडेशनने हार्मनी नावाचं मुक्त जावा लिहायला घेतलं, तेव्हा चाचणीसंच हवा असेल तर वापरावर मर्यादा घालणाऱ्या अटी मान्य करा, असं सनचं म्हणणं पडलं. २००७ मध्ये अपाचीने जाहीर पत्र लिहून विरोध नोंदवला, डिसेंबर २०१० मध्ये जावाच्या कार्यकारी समितीतून राजीनामा दिला आणि २०११ मध्ये हार्मनी बंद पडलं. त्या प्रकल्पात चांगले प्रोग्रामर होते, काम बरंच पुढे गेलेलं होतं. आपलं जावा खरंच जावा आहे हे सिद्ध करण्याची वाट तेवढी त्यांना मोकळी मिळाली नाही. भाषेचं वर्णन सर्वांना वाचायला द्यायचं आणि परीक्षेचा पेपर कुलपात ठेवायचा, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

राकूने याच्या बरोबर उलट टोक गाठलं. लॅरी वॉल यांनी जुलै २००० मध्ये पर्ल ६ या तेव्हाच्या नावाने या भाषेची घोषणा केली. भाषेची रचना ‘सिनॉप्सिस’ नावाच्या दस्तऐवजांत लिहिली जाऊ लागली आणि त्यातला बारावा ऑब्जेक्टविषयीचा होता. कंपायलर मात्र येईना. २००५ मध्ये ऑड्री टँग यांनी, ज्या पुढे तैवानच्या डिजिटल व्यवहार मंत्री झाल्या, हॅस्केल भाषेत पग्ज नावाचा कंपायलर लिहायला घेतला. मागेल त्याला कोड बदलण्याचा अधिकार देणारा हा प्रकल्प होता. ज्यांना हॅस्केल येत नव्हतं त्यांनी चाचण्या लिहिल्या: सिनॉप्सिस वाचायचा आणि ‘असं असेल तर असं व्हायला हवं’ हे प्रोग्रामच्या रूपात मांडायचं. पग्ज पुढे मागे पडला, पण त्या चाचण्या टिकल्या आणि त्यांचाच रोस्ट झाला. २५ डिसेंबर २०१५ रोजी पहिली अधिकृत आवृत्ती आली, २०१९ मध्ये भाषेचं नाव राकू झालं. आज या भाषेची व्याख्या अशी आहे: जो कंपायलर रोस्टच्या त्या आवृत्तीच्या चाचण्या पार करतो, तो राकूचा कंपायलर. चाचणीसंचापेक्षा वरचढ असा कुठलाही ग्रंथ नाही.

अपूर्ण कंपायलर असताना हजारो चाचण्यांचं काय करायचं, यालाही या मंडळींनी उत्तर शोधलं. चाचणीच्या वर एक विशिष्ट खूण असलेली कॉमेंट लिहायची: अमुक कंपायलरसाठी ही सोडून द्या, किंवा ही चालवा पण नापास होणार हे गृहीत धरा. याला ते ‘फज’ करणं म्हणतात. मूळ चाचणी जशीच्या तशी राहते, अपेक्षित उत्तर कंपायलरच्या सोयीने बदललं जात नाही. गृहीत धरलेली नापास चाचणी एक दिवस अचानक पास झाली, तर तेही अहवालात दिसतं आणि ती कॉमेंट काढून टाकता येते. अपेक्षित उत्तरालाच हात लावायचा मोह कंपायलर लिहिणाऱ्याला कायम असतो, विशेषतः ‘हे तर किरकोळ आहे’ असं वाटणाऱ्या क्लासच्या चाचण्यांत. तो आवरण्यासाठी ही साधी सोय फार कामाची आहे.

एवढं सगळं करूनही क्लासमधले बग संपतात का? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीसीसी आणि एलएलव्हीएम या दोन कंपायलरांच्या बगनोंदी तपासल्या गेल्या. दोन्हींत सर्वांत जास्त बग सी++ च्या भागात निघाले, एकूण बगांच्या सुमारे २० टक्के. आणखी एक निष्कर्ष धीर देणारा होता: बग दाखवून देणारे प्रोग्राम लहान असतात, ८० टक्के तर ४५ ओळींच्याही आतले. म्हणजे चूक पकडायला लाख ओळींचं सॉफ्टवेअर लागत नाही, नेमक्या दोन-तीन गोष्टी एकत्र यायला लागतात. टेम्प्लेट आणि व्हर्च्युअल बेस, इनर क्लास आणि जेनेरिक्स, कन्स्ट्रक्टर आणि एक्सेप्शन. माणूस चाचणी लिहितो तेव्हा तो एकेक गोष्ट सुटी तपासतो. जोड्या आणि तिकड्या त्याच्या हातून सुटतात.

जोड्या जुळवण्याचं काम म्हणून यंत्राकडे गेलं. टेस्ट-२६२ मध्ये क्लासच्या शेकडो चाचण्या साच्यांतून तयार होतात: एकीकडे तपासायचा मुद्दा, दुसरीकडे तो कुठे कुठे येऊ शकतो त्याचे साचे, आणि दोन्हींचा गुणाकार करणारा प्रोग्राम. यूटा विद्यापीठातल्या जॉन रेगर आणि सहकाऱ्यांच्या सीस्मिथ या साधनाने यादृच्छिक प्रोग्राम रचून सीच्या कंपायलरांत तीन वर्षांत ३२५ हून अधिक बग शोधले. २०११ चा त्यांचा शोधनिबंध या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे. पण सीस्मिथचे प्रोग्राम सीचे, त्यात क्लासच नाहीत. टाइपांचे नियम सांभाळून क्लासचे यादृच्छिक प्रोग्राम रचणं अवघड असतं. ते २०२२ मध्ये हेफेस्टस या साधनाने करून दाखवलं आणि जावा, कोटलिन व ग्रूव्ही यांच्या कंपायलरांत मिळून १५६ बग बाहेर काढले. त्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी बरोबर प्रोग्राम रचायचा. मग त्यातली टाइपची माहिती हळूच पुसायची आणि कंपायलर ती स्वतः ओळखतो का ते बघायचं. किंवा मुद्दाम एक चुकीचा टाइप पेरायचा आणि कंपायलर तो पकडतो का ते बघायचं.

क्वचित असंही घडतं की कंपायलर निर्दोष असतो आणि नियमच सदोष निघतात. नादा अमीन आणि रॉस टेट यांनी २०१६ मध्ये जावाचा एक छोटा प्रोग्राम मांडला. त्यात कुठेही कास्ट नव्हता, कंपायलरने तो भाषेच्या नियमांनुसार स्वीकारला, आणि चालवल्यावर तो कास्ट चुकल्याच्या एक्सेप्शनने पडला. जेनेरिक्स जावात २००४ मध्ये आले होते. मधल्या बारा वर्षांत कोणत्याही चाचणीने हे भोक दाखवलं नाही, कारण चाचण्या त्याच नियमांवरून लिहिलेल्या होत्या.

महाराष्ट्रातही या कामाचे धागे आहेत. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि जीसीसीच्या अंतरंगाची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या. पुण्याच्या केपीआयटीने रेनेसासच्या एसएच आणि एच-८ सारख्या प्रोसेसरांसाठी जीएनयूचे कंपायलर तयार करून दिले. अशा छोट्या प्रोसेसरच्या कंपायलरची चाचणी वेगळ्या शिस्तीची असते. प्रोग्राम एका यंत्रावर कंपाइल होतो आणि चालतो दुसऱ्यावर, बऱ्याचदा सिम्युलेटरवर. जीसीसीचा चाचणीसंच डेजाग्नू या चौकटीवर उभा आहे, आणि त्या चौकटीत अशा परक्या बोर्डांची आणि सिम्युलेटरांची सोय मुळापासूनच आहे. न छापता, नुसतं ‘अबॉर्ट’ करून निकाल सांगण्याची रीत इथे विशेष कामी येते. ज्या बोर्डाला पडदाच नाही, तिथे छापणार कुठे?

राहिला प्रश्न दोन कंपायलरांमधला. एका कंपायलरने घडवलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या कंपायलरने कंपाइल केलेल्या फंक्शनच्या हाती गेला, तर त्याला तो कळला पाहिजे: फील्ड त्याच जागी, टेबल त्याच क्रमात, रिकाम्या पॅरेंटची जागा तशीच शून्य. लिनक्सवरचे सी++ कंपायलर यासाठी मूळ इटेनियम प्रोसेसरसाठी लिहिलेला एक करार पाळतात. तो प्रोसेसर बाजारातून गेला, करार राहिला. जीसीसीमध्ये यासाठी खास चाचण्या आहेत. प्रत्येक चाचणीच्या तीन फाइली असतात. त्यातली एक या कंपायलरने आणि एक त्या कंपायलरने कंपाइल करायची, जोडायची आणि चालवायची. विंडोजवर क्लँगला असा सोयीचा लिखित करार मिळाला नाही. तिथल्या मंडळींनी छोटे छोटे क्लास लिहिले, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने त्यांची मांडणी कशी केली ते बाइट मोजून पाहिलं, तेच उत्तर आपल्या चाचणीत लिहिलं आणि क्लँग त्याला उतरेपर्यंत बदलत नेला. २०१८ मध्ये क्रोमच्या चमूने जाहीर केलं की विंडोजसाठीचा क्रोम आता क्लँगने कंपाइल होतो, आणि त्यानंतरही तो मायक्रोसॉफ्टच्याच लायब्रऱ्यांना जोडला जात होता.